सातवी फुली

कॉरिंथ, लिली तलावाचा दक्षिण काठ
१४ मार्च १८३६

प्रिय आंजेलिक,

दीड वर्षाने तुझे पत्र आले. पत्र कसले, तीन वाक्ये. "माझ्या वडिलांनी लेखणीला बोट लावले होते का? तुम्ही टेबलापाशी बसला होतात. जे पाहिले ते लिहून, मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घेऊन, फादर डेल्क्रोआ जूनमध्ये वॉशिंग्टनला निघण्याआधी माझ्याकडे पाठवा." मायना नाही, कुशल विचारणे नाही, शेवटी नुसते नाव. मी तुला पत्रलेखनाचे एवढे धडे दिले ते सेंट जोसेफ नदीत सोडून दिलेस की काय?

अक्षर मात्र सुरेख आले आहे. डावीकडे कलण्याची खोड गेली. मिशनच्या शाळेत आता तू दुसऱ्यांच्या मुलींना शिकवतेस असे ऐकतो. त्यांच्या बोटांवर रूळ मारत नसशील अशी आशा आहे. मीही तुला मारत नसे. एकदाच मारला, तेव्हा तू तो माझ्या हातून हिसकावून तळ्यात फेकलास. तो चांगला अक्रोडाचा रूळ होता.

तू इथून गेलीस तेव्हा या काठाला चार झोपड्या आणि एक डुक्कर होते. आता नगर आहे. नाव मी ठेवले. कर्नल ट्रस्कनी नकाशावर रस्ते आखले, चौक आखला, न्यायालयाची जागाही आखली, आणि मग त्यांना काहीतरी ग्रीक नाव हवेसे वाटले. चाळीस मैलांत ग्रीक येणारा मी एकटा. जुन्या कॉरिंथचे रोमनांनी शेवटी काय केले ते कर्नलना मी सांगितलेले नाही, आणि त्यांनी विचारलेले नाही. नव्या कॉरिंथात दोन गुत्ते, एक लोहार, एक जमीन-कचेरी आणि गुडघाभर चिखल आहे. कचेरीत नोंदणीदार म्हणून मी बसतो. शाळा तूर्त बंद आहे.

आता तुझा प्रश्न. तुझ्या लोकांतले जाणते लिहीत नाहीत, म्हणून जमीन सरकारला देण्याच्या तहाच्या कागदावर कारकून नाव लिहितो, जाणता पुढे येऊन लेखणीच्या टोकाला बोट लावतो आणि कारकून नावापुढे फुली काढतो. बोट लागले की फुली त्याची झाली. ही रीत तुला नव्याने सांगायला नको. सात जाणत्यांची सात नावे त्या कागदावर माझ्या हातची आहेत आणि सातही नावांपुढे फुली आहे. पण १८३४ च्या त्या ऑक्टोबरात, सभेचे पाचही दिवस, मला हिवतापाने धरले होते. तापात माणसाला जे दिसते ते शपथेवर सांगण्याजोगे नसते. कागदाला ताप येत नाही. माझ्यापेक्षा कागदाची साक्ष बरी.

ज्याची फुली त्याचे गाव गेले, येत्या ऑक्टोबरात मुदत संपते, आणि मग तुझ्या वडिलांच्या, नोदिनच्या, साऱ्या गावाला मिसिसिपीपलीकडे जावे लागेल, हे मला कळत नाही असे समजू नकोस. कळते. म्हणूनच अर्धवट आठवणीवर काही लिहून देणे बरे नव्हे.

फीबी तुझी आठवण काढते.

तुझा जुना मास्तर,
लेम्युएल गॉर्टन


कॉरिंथ
२ मे १८३६

प्रिय आंजेलिक,

तू माझे पत्र मलाच परत पाठवलेस, आणि तेही तपासून. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाचे पत्र लाल शाईने! "हिवताप" या शब्दाखाली दोन रेघा, आणि समासात: "मास्तर, पाचही दिवस तुम्ही मक्याची भाकरी आणि डुकराचे मांस दोन-दोनदा वाढून घेतलेत. मी वाढत होते." "कागदाची साक्ष" इथे नुसते प्रश्नचिन्ह. आणि तळाशी, "उत्तर नाही. पुन्हा लिहा."

हा शेरा माझा. मी तुझ्या पाटीवर लिहायचो. पाटीवर तो इतका बोचत नसावा असा माझा समज होता.

बरे. ताप नव्हता. थोडी कणकण होती, तीही चौथ्या दिवशी गेली. पुन्हा लिहितो.

तू चुलींपाशी होतीस, म्हणून तुला भाषणे ऐकू आली नसतील. पहिले चार दिवस सरकारतर्फे कर्नल ट्रस्क बोलले. वॉशिंग्टनमधला तुमचा थोरला बाप, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, तुमच्या काळजीने रडतो आहे, असे ते रोज दोनदा म्हणाले. तिसऱ्या दिवशी तुझे वडील उठले आणि म्हणाले, "एवढा रडत असेल तर त्याला रुमाल पाठवा. आमचं तळं कशाला पुसायला घेता?" दुभाष्याने ते भाषांतर करताना गिळले. गवतात बसलेली दोनशे माणसे हसत होती आणि कर्नल मला विचारत होते, "का हसतायत, मास्तर?" मी म्हणालो, "आपल्या भाषणाने प्रसन्न झालेत." माझ्या साऱ्या सरकारी नोकरीत मी केलेले हे सर्वांत प्रामाणिक भाषांतर असावे.

पाचव्या दिवशी दुपारी नावे पुकारली. सहा जण एकेक करून आले. सातवे तुझे वडील. ते उठले, खांद्यावर घोंगडी घेतली, टेबलापाशी येऊन उभे राहिले. लोक मागे होते, त्यांना दिसली ती पाठ आणि घोंगडी. टेबलाच्या या बाजूला कर्नल, दुभाष्या, तीन अंमलदार आणि मी. दुभाष्याला नंतर गुत्त्याचा परवाना मिळाला, अंमलदार बदलून गेले, कर्नल काय सांगतील ते तुला ठाऊकच आहे. म्हणून तू माझ्याकडे आलीस हे समजते. पण त्या क्षणी, आंजेलिक, माझी दौत कलंडते की काय असे मला वाटले आणि मी दौतीकडे पाहत होतो. वर पाहिले तेव्हा नोदिनची पाठ माझ्याकडे होती.

पत्र इथे संपवणार होतो. पण फीबी दारात येऊन उभी राहिली. ती मला लग्नापासून मिस्टर गॉर्टन म्हणते. रागावली की नुसते गॉर्टन.

"कोणाला लिहिताय, मिस्टर गॉर्टन?"

"आंजेलिकला."

"जमिनीबद्दल?"

"तिच्या वडिलांबद्दल."

"म्हणजे जमिनीबद्दलच."

तेव्हा तेही सांगून टाकतो. कचेरी कॉरिंथला असली तरी मी आता राहतो उत्तर काठावर. तहाला जोडलेल्या यादीत "सेवेबद्दल" म्हणून तो तुकडा माझ्या नावे आहे. चांगली काळी जमीन. घर बांधले, तीन सफरचंदे लावली. ती जागा पूर्वी काय होती ते तू विचारशील. मक्याचे शेत होते. कोणाचे, तेही तुला ठाऊक आहे. एक फुली निखळली तर ते गाव तहातून निघते, आणि गावाबरोबर माझे घरही. हे मी तुला सांगावे असे फीबीला वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते.

तू पुन्हा लाल शाई काढशील. काढ.

गॉर्टन मास्तर


उत्तर काठ
६ जुलै १८३६

प्रिय आंजेलिक,

फादर डेल्क्रोआ गेले. माझ्या कागदाशिवाय गेले. तू त्यानंतर काहीच लिहिले नाहीस, तपासून परत पाठवण्याइतकेही नाही. तुझ्या जागी मीही तेच केले असते. किंबहुना तू लिहीत नाहीस म्हणूनच आज मला लिहिता येते आहे.

परवा चार जुलै झाला. कॉरिंथला तोफ नाही, म्हणून लोहार एका ऐरणीवर दुसरी पालथी ठेवतो आणि मध्ये बंदुकीची दारू ठासून उडवतो. जेवणावर रीतीप्रमाणे तेरा प्याले झाले. पहिला स्वातंत्र्याला, दुसरा राष्ट्राध्यक्षाला, असे करत पाण्याच्या कालव्यालाही एक, जो अजून खणलेला नाही. कर्नल ट्रस्क यंदा काँग्रेसला उभे आहेत. कोणत्या पक्षातर्फे, हे त्यांना मतदानाच्या आदल्या आठवड्यात कळते. तेराव्या प्याल्याला ते उभे राहिले: "आमच्या तांबड्या बांधवांना. त्यांचा सूर्य पश्चिमेला सुखाने मावळो." सगळे प्याले. मीही. सफरचंदाची गोड सायडर होती आणि ती घशाखाली नीट गेली. तक्रार करायला जागा नाही.

काल सकाळी तुझे वडील माझ्या दारात आले.

मी ओसरीवर दाढी करत होतो. ते पायरीवर बसले. आम्ही नेहमीसारखे त्यांची भाषा, माझी भाषा आणि थोडी फ्रेंच मिसळून बोललो.

"काय शाईबोट्या," ते म्हणाले, "काल एवढे बार कशाला काढत होतात? कोणी चालून आलं होतं?"

"आमच्या स्वातंत्र्याचा दिवस होता."

"अजून मिळालं नाही का? दर वर्षी काढता."

फीबी भाकरी आणि मध घेऊन आली आणि खाली पाहतच आत गेली. "तुझी बायको चांगली आहे," नोदिन म्हणाले. "माझ्याकडे बघत नाही, पण वाढते. माझ्या गावात उलटं झालंय. बघतात सगळे, वाढत कोणी नाही."

मी वस्तरा खाली ठेवला.

"बाझील माझ्यासोबत जेवत नाही," ते म्हणाले. बाझील, त्यांचा भाचा, तुझ्याबरोबर माझ्या बाकावर बसलेला. "गेल्या वर्षी वसंतात तुमच्या माणसाने येऊन कागद वाचून दाखवला. सात नावं, सात खुणा. बाझील म्हणाला, मामा, तू तर म्हणालास बोट लावलं नाही. मी म्हटलं, नाहीच लावलं. तो म्हणाला, मग ती फुली काय बदकाने काढली? तू आमच्याकडे पाठ करून उभा होतास, मामा. आम्हाला काय दिसलं? पाठ." त्यांनी भाकरीचा तुकडा मधात फिरवला. "आता बायकासुद्धा माझ्या चुलीला वळसा घालून जातात. म्हातारा तळं विकून बसला आणि वर खोटं बोलतो, म्हणतात."

मी मधाचे भांडे त्यांच्याकडे सरकवले.

"तू सांग. मी बोट लावलं होतं का?" आवाज शांत होता. "हसू नकोस. म्हातारा झालो. इतके लोक एकच गोष्ट म्हणतात, तेव्हा कधी कधी पहाटे मलाच वाटतं, लावलं असेल. विसरलो असेन."

आंजेलिक, मी त्यांना म्हणालो, "नोंदी पाहून सांगतो."

"नोंदीत काय बघायचं?" ते म्हणाले. "तू होतास की."

त्यांनी भाकरी संपवली, हात गवताला पुसले आणि काठाकाठाने निघून गेले. अर्धा चेहरा साबणाचा तसाच घेऊन मी तिथे बसून राहिलो.

तर ऐक. दौतीकडे मी पाहत नव्हतो.

त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका तहाला मी कारकून होतो. म्हाताऱ्या माणसांचे बोट लागताच लेखणी उडते, फुली वाकडी होते, शाईचे शिंतोडे पडतात. त्या चर्मपत्राबद्दल वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी "गलिच्छ" असा शब्द वापरला. तो माझ्या कानावर आला आणि मला फार लागला. ज्याला जगात दुसरे काही नीट जमले नाही त्याच्या अक्षराला कोणी नावे ठेवू नयेत. म्हणून या खेपेला, पाचव्या दिवशी सकाळी, सभा भरण्यापूर्वी, मी नवी पिसे तासली, रूळ घेतला आणि सातही नावांपुढे सात फुल्या आधीच काढून ठेवल्या. एका ओळंब्यात, एकसारख्या. वर कोरा कागद झाकला. जाणता आला की कोरडी लेखणी पुढे धरायची, त्याने बोट लावायचे, मी हात हलवल्यासारखे करायचे आणि कागद एक नाव खाली सरकवायचा. सहांच्या बाबतीत सुरळीत झाले. कोणाला फसवावे असे माझ्या मनात नव्हते. मनात फक्त तो स्तंभ होता, किती सरळ दिसेल तो.

तुझे वडील आले. मी लेखणी पुढे धरली. त्यांनी दोन्ही हात घोंगडीच्या आत घेतले, इतके हळू की मागे कोणाला कळू नये. माझा अपमान होऊ नये म्हणून असावे. माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाही, शाईबोट्या." एवढेच. आणि परत फिरले.

मी कागद उचलला. खाली सातवी फुली. मी चाकू काढला, खरवडण्यासाठी. हे खरे आहे, चाकू हातात होता.

"काय करताय, मास्तर?" कर्नल म्हणाले.

"ही काढायला हवी. त्यांनी बोट लावलं नाही."

"फुली तुम्ही काढलीत ना?"

"हो, पण—"

"मग झालं की. उगाच चामड्याला भोक पडेल. इतकं सुबक काम आहे."

मी चाकू मिटला. खाली लिहिले, "वरील सर्वांनी माझ्यादेखत लेखणीस बोट लावले," आणि सही केली. वाळू टाकली. जमिनीची यादी तासाभराने झाली आणि तीत माझे नाव आले. त्याला लाच म्हणता येत नाही, कारण आधी काही ठरले नव्हते.

पण जे आजवर फीबीलाही सांगितले नाही ते तुला सांगतो. "इतकं सुबक काम" हे ऐकून मला बरे वाटले होते. तुझे वडील पाठ करून गवतातून चालत होते आणि मला बरे वाटत होते.

शपथपत्र लिहायला घेतो. उशीर झाला आहे हे लिहून तू तसदी घेऊ नकोस.

ले. गॉर्टन


उत्तर काठ
२० ऑगस्ट १८३६

प्रिय आंजेलिक,

सोबत शपथपत्राची प्रत. मूळ प्रत फादरांच्या वॉशिंग्टनच्या पत्त्यावर टपालाने गेली.

सहा आठवडे का लागले? कॉरिंथचे मॅजिस्ट्रेट हे कर्नलच्या बहिणीचे यजमान. त्यांनी मजकूर दोनदा वाचला. "म्हणजे मास्तर, तेव्हा लिहिलंत लावलं, आता लिहिता नाही लावलं. यातलं खोटं कोणतं ते आधी ठरवून या."

"ठरवूनच आलोय."

"मग घरी जाऊन परत ठरवा."

मी घरी गेलो. खोटे कशाला बोलू, दोन आठवडे खरोखरच पुन्हा ठरवत बसलो. सफरचंदांना पाणी घालत होतो. शेवटी फीबीच म्हणाली, "गॉर्टन, एकतर लिहून द्या, नाहीतर जेवताना तरी नीट जेवा. समोर बसलेल्या माणसाने ताटाकडे असं बघितलेलं मला चालत नाही." मग शेजारच्या जिल्ह्यात गेलो, दोन दिवसांची वाट, मागून आणलेल्या खेचरावर. तिथला मॅजिस्ट्रेट बहिरा आहे. त्याला मी शपथ ओरडून सांगितली. बाहेर खांबाला बांधलेले घोडे बुजले. माझ्या आयुष्यात मी खरे इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

परत आलो तो कर्नल कचेरीत माझ्या खुर्चीवर.

"मास्तर, तुम्हाला कोणी काही विचारलं होतं का?"

"हो. माझ्या एका विद्यार्थिनीनं."

"तिला मत आहे?"

"नाही."

"तिच्या बापाला?"

"नाही."

"मग हे तुम्ही कोणासाठी चालवलंय?" ते रागावले नव्हते. खरेच समजून घेऊ पाहत होते, आणि त्यांना समजत नव्हते. काँग्रेसमध्ये ते शोभतील.

नोंदणीदाराची खुर्ची आता त्यांच्या पुतण्याकडे आहे. बरा मुलगा आहे, वाचताना ओठ हलवतो. याला तू त्याग वगैरे समजू नयेस म्हणून एवढेच आठवण करून देतो, की हाच कागद मे महिन्यात फादरांच्या पिशवीत गेला असता.

गॉर्टन


उत्तर काठ
२५ सप्टेंबर १८३६

प्रिय आंजेलिक,

वॉशिंग्टनचे उत्तर तुला फादरांकडून कळले असेलच. मलाही त्याची नक्कल आली. तह सेनेटने मान्य केला आहे आणि मान्य झालेल्या कागदाच्या मागे जाण्याची प्रथा नाही. साक्षीदाराने दोन वेळा दोन वेगळी विधाने केली असल्याने पहिले, जे प्रसंगी केले गेले, तेच ग्राह्य. वाक्यरचना निर्दोष आहे. मीच लिहिली असती तर अशीच लिहिली असती.

तुझे पत्रही त्याच टपालात. या वेळी एकच वाक्य. "वॉशिंग्टनला सांगितलेत, आता बाझीलला सांगा."

मी चार दिवस घेतले. हल्ली माझ्या मानाने हे लवकरच.

काल दुपारी गावात गेलो. मका अर्धा कोवळाच खुडून घेतलेला. झोपड्यांवरच्या सालींच्या चटया उतरवून गुंडाळत होते, म्हणून सगळे गाव उघडे पडल्यासारखे दिसत होते. लाकडी देवळापुढे पुरुष वर्तुळात बसले होते, कोणी कोणत्या घोड्यावर काय लादायचे ते ठरवत. नोदिन वर्तुळात नव्हते. दहा पावलांवर एका ओंडक्यावर बसून एकटेच खोगिराचा पट्टा शिवत होते.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि सांगितले. त्यांच्याच भाषेत. तुला माहीत आहे माझी ती भाषा कशी आहे, तू आणि बाझील बाकाखाली तोंड लपवून हसायचात. काल कोणी हसले नाही. मी फुल्यांचे सांगितले, झाकलेल्या कागदाचे, चाकूचे, सहीचे. तुझ्या वडिलांनी हात घोंगडीत घेतले ते, आणि ते काय म्हणाले तेही. सांगताना मी नोदिनकडे पाहिले नाही. फक्त पट्ट्यातून दाभण जाण्याचा आवाज थांबलेला ऐकू आला.

बाझील उठला. चांगला उंच झाला आहे.

"मास्तर, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आम्ही दीड वर्ष याच्याबरोबर जेवलो नाही."

मला वाटले, तो मला मारील. मारले असते तर मला सोपे गेले असते. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो मामाकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला नजर दुसरीकडे न्यावी लागली. मग तो खाली बसला, पण होता तिथे नाही, थोडा बाजूला. त्याच्या शेजारचा सरकला. त्याच्या पलीकडचाही. मध्ये एका माणसाची जागा झाली. कोणी हाक मारली नाही.

नोदिन उठले. दाभण पट्ट्यात खोचले, सावकाश आले, गुडघ्यावर हात टेकून त्या जागेवर बसले. "भोपळा अजून शिजायचाय का?" त्यांनी विचारले, कोणा एकाला असे नाही. एक म्हातारी बाई पातेले घेऊन आलीच होती. त्यांना पहिले वाढले. ते जेवू लागले. बाझीलने त्यांच्याच वाडग्यातून घास घेतला, आणि मग हळूहळू घोड्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

मी उभाच होतो. मला कोणी बस म्हणत नव्हते, आणि जा असेही म्हणत नव्हते. तेव्हा न बोलणे शहाणपणाचे होते. मी बोललो.

"नोदिन, उत्तर काठचं घर तुझं. जमिनीसकट. तुझ्या नावाचा कागद करून देतो."

"कागद" म्हटल्यावर कोणीतरी खोकला.

नोदिननी घास संपवला. "ते घर माझ्या मक्याच्या शेतात उभं आहे," ते म्हणाले. "हे सगळे जाणार, आणि मी एकटा तुझ्या खिडकीत बसून तळं बघू?"

"मग मी काय करू?"

ते माझ्याकडे पाहून हसले. खरेच हसले, आंजेलिक, पूर्वीसारखे. "राहा," ते म्हणाले. "तूच राहा तिथे, शाईबोट्या. रोज सकाळी उठ आणि राहा."

मी निघालो. वाटेत बाझील धावत मागे आला, आणि एवढेच म्हणाला, की पहिल्या आठवड्यात तो घोडा घेऊन मिशनवर येईल, सामान बांधून ठेव असे मास्तरांनी त्याच्या मामेबहिणीला लिहावे. तेव्हा बांधून ठेव. गरम कपडे वर ठेव. हे सांगण्याचा अधिकार मला नाही, पण तू नेहमी गरम कपडे तळाशी घालतेस.

घरी आलो तेव्हा फीबीने टेबल मांडले होते. ती काही विचारील असे वाटले नव्हते. विचारले.

"काय म्हणाले ते?"

"राहा म्हणाले."

तिने हातातले ताट खाली ठेवले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झालेले दिसले. "बघा," ती म्हणाली, "मोठ्या मनाचा माणूस. मी म्हणतच होते, मिस्टर गॉर्टन. माफ केलं त्यांनी." आणि सूप वाढू लागली. ते तसेच राहू दिले असते तर आमचे जेवण दोन वर्षांत प्रथमच सुखाने झाले असते.

मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "फीबी, बस जरा. ते तसं म्हणाले नाहीत."

लेम्युएल गॉर्टन